मी खाल्लेला पुरावा

माझ्या लेकीच्या होणाऱ्या सासरी मी पहिल्यांदा गेले, त्या दिवशी तिथला पुरावा खाल्ला. साधासुधा नाही, खुनाचा.

आमचे हे (म्हणजे माझे यजमान, आळेफाट्याला टायरचं दुकान) म्हणतात, हा विषय चारचौघांत काढायचाच नाही. पण निरगुडसरपासून नारायणगावापर्यंत सगळ्यांचा तो आपापल्या परीनं सांगून झालाय, आणि दर सांगण्यागणिक माझी भूक वाढत चाललीय. परवा लग्नात एका बाईनं मला जेवायला वाढलं आणि ताटाजवळ उभीच राहिली, बघायला. तेव्हा ठरवलं, आता आपणच सांगून टाकावं.

त्याचं असं झालं, आमच्या स्वातीला निरगुडसरचं स्थळ आलं. मुलगा अमोल, चाकणला कंपनीत नोकरीला. स्वाती शाळेत शिकवते, त्यामुळं समोरच्याला नापास करायची तिला सवय. आलेल्या प्रत्येक मुलात तिनं चुका काढलेल्या. या मुलाला मात्र भेटून आली आणि भांडी घासता घासता गुणगुणायला लागली. आमच्या मोरीतून आजवर फक्त आदळआपट ऐकू आलेली. मी ओळखलं. देवापुढं हात जोडले आणि मनाशी पक्कं केलं, की हे लग्न मोडता कामा नये, निदान माझ्यामुळं तरी नाही. (हे सांगायचं कारण, आधीचं एक स्थळ माझ्यामुळंच गेलं होतं. मुलाच्या थोरल्या बहिणीला मी मुलाची आई समजले, आणि वाकून नमस्कार करून मोकळी झाले.)

आता राहिलं होतं घर बघणं. आमच्याकडं मुलीची माणसं मुलाच्या घरी जाऊन येतात, सगळं पसंत पडलं की तिथल्या तिथं सुपारी फोडतात. नावाला आपण घर बघायचं. खरं तर ते घरच आपल्याला खालपासून वरपर्यंत बघत असतं.

आणि हे घर म्हणजे काही चारचौघांसारखं घर नव्हतं. अमोलचे आजोबा, सगळे त्यांना नाना म्हणत, फार मोठे रहस्यकथाकार. गावचे पोस्टमास्तर होते. दिवसा पत्रांवर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी माणसं. कागदावर! त्यांचा ‘डिटेक्टिव्ह कारभारी’ असा गाजलेला, की एसटी गेली तरी लोक पुस्तक संपल्याशिवाय स्टँडवरून उठत नसत, असं माझे वडील सांगायचे. नाना गेल्यावर त्यांच्या मुलानं, म्हणजे अमोलच्या वडिलांनी, घराच्या पुढच्या तीन खोल्यांत त्यांचं संग्रहालय मांडलं. अमोलच्या वडिलांना सगळे तात्या म्हणतात. लांबून लांबून माणसं ते बघायला येतात, शाळांच्या सहली येतात.

मला मात्र त्या खोल्यांचं नावसुद्धा नको वाटत होतं. मी भित्री आहे. टीव्हीवर गुन्ह्याची मालिका लागली की मी स्वयंपाकघरात जाऊन मोठी फोडणी टाकते, म्हणजे आवाज ऐकू येत नाही. त्या मालिकेपायी आमच्याकडं वरणाला दोनदोनदा फोडणी बसते.

निघायच्या आधी मी सगळ्यांना बजावलं. यांना म्हटलं, त्यांच्या गाडीच्या टायरकडं बघून तोंड वाकडं करायचं नाही. स्वातीला म्हटलं, कुणाचं बोलणं दुरुस्त करायचं नाही. मला मात्र कुणी काही बजावलं नाही.

मंचरवरून आत वळलो आणि निरगुडसरला पोचलो. तात्या दारातच उभे होते. उंच, सडपातळ, आणि माणसाकडं मान तिरकी करून बघायची सवय. राम राम झाला. तात्यांनी आम्हा दोघांना न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाले, “वाटंत नारायणगावला भजी खाल्लीत. आन् निगताना तुमचं दोघांचं वाजलं.”

मी पदर तोंडाला लावला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. अमोल हसून म्हणाला, त्यांच्याकडं लक्ष देऊ नका, आमच्या यांच्या शर्टावर तेलाचा डाग आहे आणि बटणं वरखाली लागलीत, त्यावरून ओळखलं त्यांनी. लहानपणापासून नानांची पुस्तकं वाचून तात्यांना ती खोडच लागली होती. अख्ख्या आयुष्यात एक तरी गुन्हा आपल्याला सोडवायला मिळावा, एवढीच त्यांची इच्छा होती म्हणे. गावात मात्र कधी कुणाची कोंबडीसुद्धा हरवली नाही.

अमोलची आई, सुमनताई, गरीब स्वभावाची वाटली. तिनं पाणी दिलं आणि चहा टाकायला आत गेली. जाताना माझ्या हातावर हलकेच हात ठेवला. तेवढ्यानं मला धीर आला आणि मी पहिल्या खोलीत पाय टाकला.

समोरच खुर्चीत एक वयस्कर गृहस्थ बसलेले. डोक्याला फेटा, मान जराशी खाली. घरातलं कुणी वडीलधारं असणार. मागच्या स्थळाच्या वेळचा घोटाळा आठवून मी या वेळी आधी नीट बघून घेतलं, मग डोक्यावर पदर घेतला आणि पायांवर डोकं ठेवलं. पाय जरा टणक लागले.

“ताई, त्यो मेलेला हाय,” तात्या म्हणाले.

मी किंचाळलेच. तो भुसा ठासून भरलेला पुतळा होता, पाठीत सुरी खुपसलेला. स्वाती खिडकीतून बाहेर बघत राहिली, तिचे खांदे हलत होते. यांनी कपाळाला हात लावला. मी मात्र मनातल्या मनात म्हणत होते, झालं ते झालं, आता कशालाही हात लावायचा नाही, कुणाच्या पाया पडायचं नाही.

दुसऱ्या खोलीत हत्यारं होती. गळफासाचा दोर, कुऱ्हाड, आणि एक भला मोठा सुरा. तात्यांचा आवाज एकदम देवळातल्यासारखा झाला. “आमच्या नानांचा एकच नेम. खोटं काय ठेवायचं न्हाई. जे लिवलं, ते आधी हातात घेऊन बगितलं. ह्या घरातली येकूण येक वस्तू खरी हाय.” आमच्या यांना टायर कापायची सवय, त्यांनी नकळत अंगठ्यानं सुऱ्याची धार बघितली, आणि पुढचा सगळा वेळ अंगठा खिशात घालून उभे राहिले. धार खरी होती.

मग तात्यांनी काचेची एक निळी बाटली दाखवली. त्यात म्हणे विष होतं. नानांनी डॉक्टरांना विचारून विचारून त्याची लक्षणं लिहून घेतली होती. ती तात्यांना तोंडपाठ. “आधी जीभ जड व्हती. मंग तळवे गार पडत्यात. मंग सारकं पानी पानी व्हतं. मंग बोलायला शब्द सापडत न्हाईत.”

“आणि मग?” यांनी विचारलं.

“मंग कारभारी येतो.”

बाटली रिकामी होती. स्वातीनं विचारलं, यातलं विष कुठं गेलं? तात्या गालात हसले आणि म्हणाले, ते वापरलं, पुढं कळंल. अजून एखादं लक्षण ऐकलं असतं तर मी तिथंच बसले असते. सगळे त्या बाटलीभोवती वाकलेले बघून मी हळूच सटकले आणि शेवटच्या खोलीत शिरले.

आणि काय सांगू, जीव भांड्यात पडला. खोलीत अंधूक उजेड, भिंतीशी नानांचा मोठा फोटो, त्याला चंदनाचा हार, पुढं समई, उदबत्तीचा धूर. आणि समईजवळ पितळी ताटलीत, तुळशीच्या पानावर, एक पेढा. सगळ्या घरात ही एकच जागा मला ओळखीची वाटली. मी फोटोपुढं हात जोडले. म्हटलं, नाना, तुम्ही पुष्कळ लोकांचं वाईट केलंत, आता माझ्या पोरीचं तेवढं भलं करा. आणि मग, आपल्याकडं कुणीही करील तेच मी केलं. पेढा उचलला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

कडू! असा कडू, की कानापर्यंत झिणझिण्या गेल्या. वर पिठूळ, चिकट, दातांना घट्ट धरून बसणारा. पण प्रसाद थुंकायचा नसतो. लहानपणापासून अंगात मुरलेलं ते. डोळे मिटले, नानांचं नाव घेतलं आणि गिळला.

डोळे उघडले तेव्हा उदबत्तीचा धूर जरा बाजूला झाला होता. ताटलीमागं छोटी पाटी होती. ‘“शेवटचा पेढा” या कादंबरीतील मूळ पेढा. पतपेढीच्या चेअरमनांचा मृत्यू याच पेढ्याने झाला. कृपया हात लावू नये.’

मी ती पाटी पुन्हा वाचली. अक्षरं तीच राहिली.

तेवढ्यात दारात स्वाती आली. म्हणाली, चहा झालाय, आधी चहा घ्या आणि मग ही खोली दाखवतो म्हणतायत तात्या. मी काही न बोलता तिच्याजवळून बाहेर पडले. बोलणार कशी? जीभ जड झाली होती.

माजघरात सगळे चहाला बसले. माझ्या हातातली बशी वाजायला लागली. तळवे बघितले, गार. पाणी मागितलं, प्यायले, परत मागितलं. तात्यांची मान तिरकी झाली. “ताई, हात कापतुया तुमचा.” मी म्हटलं, थंडी वाजतेय. बाहेर ऊन रणरणत होतं.

मी यांच्या कानाशी लागले आणि घडलं ते सांगितलं. यांच्या तोंडाकडं बघवेना.

“सगळा खाल्लास?”

“सगळा.”

“अगं, निदान तोडून तरी खायचास.”

मी म्हटलं, आता दवाखान्यात चला. हे म्हणाले, दवाखान्यात काय खाल्लं ते विचारतील, आणि ते इथून निघतानाही सांगावं लागेल. मग इकडं तिकडं बघून अगदी हळू आवाजात मला विचारलं, सुपारी फुटेपर्यंत दम निघेल का? एवढी वर्षं संसार केला, त्या माणसाचं हे बोलणं! पण खरं सांगते, मला राग आला नाही. कारण मीसुद्धा तोच हिशेब करत होते.

हिशेब असा. इथं, या घरात मेले, तर स्वातीला जन्मभर ऐकावं लागणार, की उंबरा ओलांडायच्या आधीच आईला गिळलं. कसंबसं घरी पोचून मेले, तर वर्षभर आमच्या घरात कार्य नाही, आणि चाकणला नोकरी असलेला मुलगा वर्षभर रिकामा कोण ठेवतो? आणि मेले नाही, तर पाहुण्यांच्या घरात चोरून खाणारी बाई म्हणून नाव होणार. तिन्हीकडून पोरीचं लग्न मोडत होतं. समोर स्वाती अमोलला काहीतरी सांगत होती, तो हसत होता, आणि तिच्या चेहऱ्यावर असा उजेड होता की माझे डोळे भरून आले. मरायची भीती होतीच. पण ते हसू माझ्या खादाडपणानं पुसलं जाईल, ही भीती त्याहून मोठी होती.

“चला आता,” तात्या उठले, “आमच्या घरचा हिरा दावतो.”

सगळे तिसऱ्या खोलीत आले. तात्यांनी हात पुढं केला, “ह्यो बगा नानांचा...” आणि थांबले. ताटलीत फक्त तुळशीचं पान होतं.

मला वाटलं, माणूस आता ओरडणार. पण तात्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला. त्यांनी दाराला आतून कडी घातली. फळीवरचं नानांचं भिंग उचललं, पुसलं आणि म्हणाले, “कुनी जागचं हलायचं न्हाई. ह्या घरात गुन्हा घडलाय.”

आयुष्यभर वाट बघितलेली गोष्ट त्यांना मिळाली होती, तीही सुपारीच्या दिवशी! मांजराचा संशय त्यांनी लगेच काढून टाकला, खिडक्या बंद होत्या. मग यांच्याकडं वळले आणि खिशातला हात बाहेर काढायला लावला. अंगठ्यावर रक्त. पण ते सुऱ्याचं आहे हे तात्यांनी तिथल्या तिथं सिद्ध केलं आणि यांना सोडून दिलं. सुमनताई दाराशी पदर चोळत उभी होती, तिला काहीतरी बोलायचं असावं, पण तात्यांनी तिला हातानंच गप्प केलं. माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता. आता शब्द सापडेनासे झाले, म्हणजे शेवटचं लक्षण. यानंतर कारभारी येणार होता, आणि तो तर भिंग घेऊन आलेलाच होता.

“चहाच्या टायमाला ह्या खोलीतनं सगळ्यात शेवटी कोन भाईर आलं?” तात्यांनी विचारलं.

स्वातीनं माझ्याकडं एकदा बघितलं. तेवढ्यानं मला कळलं, की दारात आली तेव्हा तिनं मला दातांना चिकटलेला पेढा जिभेनं सोडवताना बघितलं होतं. तिला सगळं ठाऊक होतं.

“मीच,” स्वाती म्हणाली. “मी शेवटी बाहेर आले.”

“पेढा व्हता तवा?”

“मला नाही सांगता येणार.”

तात्यांचं भिंग खाली आलं. चेहऱ्यावरचा आनंद गेला. म्हणाले, घरात यायच्या आधी नानांच्या वस्तूला हात लावला, आणि विचारलं तर सरळ सांगतही नाही. अमोल पुढं होऊन काही बोलायला लागला तर त्याला म्हणाले, तू गप, हे तुझं काम नाही. पोर मान खाली घालून उभी होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण माझं नाव काही घेत नव्हती.

मग मला शब्द सापडले. असतील तेवढे सगळे.

“तिला काय बोलू नका. मी खाल्ला. मला वाटला प्रसाद. आता माझं काही खरं नाही, जीभ जड झालीय, तळवे गार पडलेत. पण एवढं ऐका. मी गेल्यावर वर्षभर थांबू नका. महिन्याच्या आत या दोघांचं लग्न उरका. तेराव्यानंतर लगेच चालतं. माझ्या लेकीसारखी मुलगी तुम्हाला मिळायची नाही.” आणि मी भिंतीला टेकून खाली बसले, मरायला.

हे माझ्याजवळ येऊन बसले आणि त्यांनी माझा हात धरला, तोही दुखऱ्या अंगठ्याच्या हातानं.

“न्हाई मरायच्या तुमी,” सुमनताई म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. ती बिचारी तात्यांची नजर चुकवत बोलत होती. “कणकंचा हाय त्यो. वरनं तुरटी लावलीया, म्हनून जीभ जड पडली. आन् उंदरांनी खाऊ नये म्हनून आत कडुनिंबाचा पाला वाटून घातलाय. दर आमुशेला मीच नवा करून ठेवते.”

“आन् नानांचा खरा?” तात्यांनी विचारलं.

“त्यो मुंग्यांनी खाल्ला. नाना गेले त्याच साली. खव्याचाच व्हता, मुंग्यांना काय बी झालं न्हाई.”

तात्या हळूहळू खाली बसले, माझ्या शेजारीच. भिंग मांडीवर ठेवलं. मग दोराचं विचारलं. दोर गोठ्यातला निघाला, जुना कुजला म्हणून बदललेला. सुऱ्याचं विचारलं. पहिला सुरा एका दिवाळीत सुरण कापताना मोडला होता. हा मंचरच्या बाजारातला, म्हणून तर धार आहे. निळी बाटली काढ्याची. सुमनताई एकेक सांगत होती आणि रडत होती. म्हणाली, तुम्ही लोकांना एवढ्या अभिमानानं दाखवता, तुम्हाला कसं सांगू?

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जगणार होते खरं, पण माझ्यापायी एका माणसाचं अख्खं घर खोटं ठरलं होतं, आणि त्याच घरात माझी लेक जायची होती. आता कसली सुपारी! मी यांना डोळ्यांनी विचारलं, निघायचं का? हे उठायच्या बेतात होते.

तात्या बोलले तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता. “नानांच्या येका बी पुस्तकात असा साक्षीदार न्हाई. येवडं दाबून विचारलं, तरी पोरगी फुटली न्हाई. आईचं नाव घेतलं न्हाई.” मग सुमनताईकडं बघितलं. “आन् येक आमच्याच घरात, इतकी वर्सं. मला पत्त्या न्हाई.” डोळे पुसले आणि एकदम हसायला लागले. “सुमे, सुपारी आन. असली मान्सं घरात दोन पायजेत.”

सुपारी फुटली. स्वाती रडत होती, हसत होती, नाक पुसत होती, आणि मी तिला धरून तिच्याहून जास्त रडत होते. मग दोन्हीकडच्या विहिणींनी एकमेकींचं तोंड गोड करायचं ठरलं. सुमनताईनं डब्यातला पेढा उचलला आणि प्रेमानं माझ्या तोंडाशी आणला. माझं तोंड काही उघडेना. दातखीळ बसावी तसं. सगळे बघत होते. सुमनताई म्हणाली, घ्या की विहीणबाई.

“आधी तुम्ही खा,” मी म्हटलं.

पेढ्यांचा तो डबा आळेफाट्याहून मीच आणला होता, आणि दुकानात उभं राहून त्यातले दोन खाऊनही बघितले होते.